वेळ गावाची

आमचे बसवनगुडीचे घरमालक टाकीत पाणी चढवायचे ते समुद्राला विचारून. बंगळूरला समुद्र नाही, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून पाहिलं. "तुमच्याकडे नसेल," ते म्हणाले, "माझ्याकडे आहे." आणि मोटरच्या खोलीला कुलूप घालून आत निघून गेले.

नव्वदीतली ही गोष्ट. नवऱ्याला एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून आलो आणि गांधी बझारच्या मागच्या गल्लीत एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली मालक एकटेच राहायचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यात प्रेम बिम काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

कावेरीचं पाणी एक दिवसाआड यायचं. ते अंगणातल्या जमिनीखालच्या हौदात साठायचं आणि तिथून मोटर लावून वर चढवावं लागायचं. बाकीच्या घरांत सकाळी सहाला मोटर लागे. आमच्याकडे ती अण्णांच्या गावच्या भरतीला लागे. हिशेब सोपा होता, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. भरतीला पाणी वर चढायला राजी असतं, मोटरला त्रास होत नाही, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून यंत्रांची चित्रं काढलेला माणूस हे अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा. माझी मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती. एकीकडे दुपट्यांचा ढीग, आणि मी कॅलेंडरसमोर उभी राहून आज तिथी कोणती ते बघतेय. माहेरी कधी साधी संकष्टी केली नाही, पण बसवनगुडीत मला तिथ्या तोंडपाठ झाल्या.

त्यांचं गाव कारवारच्या बाजूला, अगदी समुद्राकाठी, मासे धरणाऱ्यांचं. आमची गल्ली मात्र पक्की शाकाहारी. गच्चीवरच्या काठीला अण्णांनी जुन्या धोतराची एक चिंधी बांधून ठेवली होती. ती पश्चिमेकडे फडफडली की वारा रिकाम्या प्लॉटकडे जातोय असं समजायचं आणि त्या दिवशी गच्चीवर शेगडी पेटवून सुके बांगडे भाजायचे. एकदा मध्येच वारा फिरला. समोरचे निवृत्त हेडमास्तर नाकाला उपरणं लावून फाटकात येऊन उभे राहिले. अण्णांनी वरूनच सांगितलं, "वाऱ्याशी बोला सार. मी शेगडी पेटवली तेव्हा तो सरळ होता." आणि उरलेला बांगडा शांतपणे उलटला.

मी पुण्याची, त्यात इंग्रजीत एम.ए. झालेली. शुद्ध मराठी म्हणजे काय ते जगात फक्त आमच्या दोन-तीन पेठांना कळतं, अशी माझी तेव्हा खात्री होती. अण्णा घरी कोकणी बोलत, बाजारात कन्नड, आणि लिहीत मात्र मराठीत, कारण त्यांच्या लहानपणी तो भाग मुंबई इलाख्यात होता आणि शाळा मराठी होती. जिन्यात त्यांची पाटी असायची, 'पाणी उगीच सोडू नये. सोडल्यास मला कळते.' तिच्यातही मी एकदा पेन्सिलीने दुरुस्ती केली होती. त्यांनी ती बघितली, "सरी," म्हणजे बरं, म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नवीन पाटी लावली. तिच्यात माझी दुरुस्ती होती आणि शिवाय खाली लिहिलं होतं, 'पाटीवर लिहू नये.'

ते गावाचा इतिहास लिहीत होते. एकूण अकरा वह्या. गावात कोण आधी आलं, कुठून आलं, कशावरून आलं. पुस्तकांवर त्यांचा विश्वास नव्हता. ते गावातल्या म्हाताऱ्या बायकांना पोस्टकार्डं पाठवत, एका कार्डावर एकच प्रश्न. शाळेतले मास्तर तो वाचून दाखवत आणि उत्तर लिहून धाडत. त्यांचा नियम असा, की कुठलीही गोष्ट एका घराने सांगितली म्हणून खरी नाही. जी दोन घरं पिढ्यान् पिढ्या एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्या दोन्ही घरांनी तीच गोष्ट सांगितली, तरच ती वहीत जायची. "भांडणारे जुळवून खोटं बोलत नाहीत गो," ते म्हणत. एखादी गोष्ट एकाच घराकडून आली असेल तर तिच्यापुढे लाल शाईत लिहीत, 'अजून भांडण सापडले नाही.'

सन-बिन त्यात नव्हतेच. मी विचारलं, "अण्णा, हे कधीचं? कुठल्या शतकातलं?" तर म्हणाले, "खाडीने तोंड फिरवलं त्याच्या आधीचं." एक वर्ष देवमासा वाहून आला त्याचं, एक वर्ष वाळू खचून देवळाची पायरी बुडाली त्याचं, असे त्यांचे शक. पहिल्यांदा सात घरं आली, सात होड्यांतून, उत्तरेकडून. कशाला पळून आली हे सातही घरांनी वेगवेगळं सांगितलं, म्हणून ते पान कोरं होतं. आल्यावर त्यांनी आधी घर बांधलं नाही, जाळी सुकवायला खांब पुरले. खाऱ्या पाण्यापासून वीस पावलांवर गोड्या पाण्याचा झरा लागला, तिथे विहीर खणली. मग माड लावले, मग भांडली, मग वाटण्या झाल्या. त्या वाटण्यांचा कागद देवळात होता आणि त्याची नक्कल अण्णांच्या तिसऱ्या वहीत होती. विहिरीची पाळी, माडांची संख्या, शेताचे बांध, सगळं त्यात वाटलेलं. रापणीचा, म्हणजे मोठं जाळं सगळ्यांनी मिळून ओढायचा, नियमही होता. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. वाटेने चाललेला परका माणूस असला आणि त्याने क्षणभर जरी दोर धरला, तरी त्याच्या पदरात मासा पडलाच पाहिजे. हे सांगताना मात्र अण्णांचा आवाज बदलायचा. बाकी सगळं ते तक्रार केल्यासारखं सांगायचे.

तिथे आमचं दुसरं वर्ष चालू असताना गावावर नोटीस आली. कसला तरी मोठा सरकारी प्रकल्प होणार होता, त्यासाठी किनारा आणि गाव दोन्ही हवं होतं. घरांचं ठरल्यासारखंच होतं. प्रश्न उरला होता तो किनाऱ्याचा. ती वाळू सरकारी पड जमीन की गावाच्या सामाईक वहिवाटीची? वहिवाट सिद्ध झाली तर गावाला बदल्यात दुसरीकडे समुद्राला लागूनच जागा द्यावी लागणार होती. नाही झाली, तर डोंगरापलीकडे प्लॉट. समुद्रापासून लांब, मासे धरणाऱ्या माणसांना. सुनावणीचा अधिकारी नवा, मराठी न येणारा. जे काय मांडायचं ते इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहून द्या, म्हणाला. गावाने अण्णांना कळवलं, की तुमच्या वह्या आता बाहेर काढा.

अण्णांना कन्नड बोलता यायचं, लिहिता येत नव्हतं. इंग्रजी यायचं ते नटबोल्टपुरतं. शिवाय नेमकं तेव्हाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवी झापड. ते जिना चढून आमच्या दाराशी आले. दीड वर्षात पहिल्यांदाच. दारात उभे राहून म्हणाले, "तू एम.ए. ना? माझं एक काम आहे."

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, करते, पण एका अटीवर. मोटर रोज सकाळी सातला लागली पाहिजे. तिथी-बिथी काही नाही. घड्याळात सात.

त्यांनी त्या एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "सरी," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून सात म्हणजे सातला मोटर सुरू झाली. गल्लीभर मी फुशारकी मारत फिरले, की अण्णांना कसं वठणीवर आणलं.

वह्यांमधून निवडून अठरा पानांचा मजकूर करायचा होता. वडिलांचा जुना टाइपरायटर होता, मुलगी झोपली की दुपारी बसायची. काम मला आवडलं, हे कबूल करते. अण्णांचं मराठी ओबडधोबड वाटायचं, वाक्यं मध्येच तुटल्यासारखी. पण अधूनमधून एखादं असं वाक्य यायचं की मी थांबायची. 'वेळ कोणाचे वाटणीत नाही. वेळ गावाची.' वाटणीच्या कागदातलं हे शेवटचं कलम. अडाणी कोळ्यांनी काळाबद्दल असं काही लिहून ठेवावं, मला भरूनच आलं. मी टाइप केलं, 'टाइम बिलॉन्ग्ज टू नो मॅन.' नवऱ्याला मुद्दाम वाचून दाखवलं. तो म्हणाला, वा.

काही ठिकाणी अडलं. 'सातही कुळे वेळेवर उतरली' हे सोपं होतं, वक्तशीर माणसं असतील. 'रापण वेळेवर ओढावी' हेही ठीक. पण 'बुडून आलेले प्रेत वेळेवर पुरू नये' म्हणजे काय? मी विचार केला की ओळख पटेपर्यंत थांबावं, असं म्हणायचं असेल, लिहिता आलं नाही बिचाऱ्यांना. तसं दुरुस्त करून टाकलं. खाली जाऊन विचारायला तेरा पायऱ्या उतराव्या लागल्या असत्या. पण अशुद्ध लिहिणाऱ्या माणसाला काय विचारायचं, त्याचं शुद्ध काय ते आपल्याला ठाऊकच असतं.

कागद न्यायला त्यांचा पुतण्या गावाहून आला होता, चाळिशीचा, अबोल माणूस. त्या संध्याकाळी अण्णा वर आले. म्हणाले, "स्वल्प वाचून दाखव गो. इंग्रजीतच वाच, मला अंदाज येतो." मुलीला ताप होता, कुकर लागलेला होता, आणि मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, "अण्णा, सगळं तुमचंच आहे त्यात. वाचायला मला आता अजिबात वेळ नाही."

त्यांना हसू फुटलं. मला कळेना काय झालं. "तुला नाहीच गो," ते म्हणाले, "तू पुण्याची." आणि कागद काखेत धरून, कठड्याला चाचपडत, एकेक पायरी खाली गेले.

निकाल यायला सात-आठ महिने लागले. झापड कधीच निघाली होती, पण नजर अधूच राहिली होती. पुतण्याने निकालाची प्रत पोस्टाने धाडली आणि अण्णांनी मला खाली बोलावलं. मी त्यांच्या पुढच्या खोलीत बसून इंग्रजी वाचत होते आणि मराठीत सांगत होते. घरांची यादी, सर्व्हे नंबर, मग इतिहासाचा परिच्छेद. ग्रामस्थांनी सादर केलेला इतिहास रंजक आहे. त्यात काळाविषयी पुष्कळ चिंतन आहे. मात्र समुद्रकिनाऱ्याचा, त्याच्या सामाईक वापराचा, त्यात कुठेही उल्लेख नाही. सबब ती जमीन पड समजण्यात येते.

"उल्लेख नाही?" अण्णा म्हणाले. रागावले नाहीत. त्यांना वाटलं माझं वाचताना चुकलं. कपाटातून तिसरी वही काढली, अगदी नाकाला लावली, आणि एकेका ओळीवर बोट ठेवत मला दाखवू लागले. "ही बघ. वेळ. सात कुळं वेळेवर उतरली. ही वेळ. रापण वेळेवर ओढावी. प्रेत वेळेवर पुरू नये, वर न्यावं. आणि हे, वेळ कोणाचे वाटणीत नाही. पानापानावर वेळ आहे. मग त्याला दिसली कशी नाही?"

त्यांच्या गावात किनाऱ्याला वेळ म्हणत. सगळ्या त्या पट्टीत म्हणतात. समुद्राची वेळ. मी एम.ए. होते आणि मला ते माहीत नव्हतं, आणि मला माहीत नसेल असं काही असू शकतं हेही माहीत नव्हतं.

अण्णा बोट त्या ओळीवर तसंच ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी आतापर्यंत आयुष्यात पुष्कळ लोकांशी भांडले, पुष्कळांना तोंडावर खरं सुनावलं, त्याचा मला गर्वही होता. त्या दिवशी मी म्हटलं, "साहेबांनी नीट वाचलं नसेल. ही माणसं वाचतात कुठे."

"मग कुठे कमी पडलं?"

"पुरावा कमी पडला असेल," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. वही मिटली. "वर अपील आहे," म्हणाले. "पुन्हा लिहितो. जास्ती घरांना विचारतो. तू इंग्रजी करशील ना गो?" मी हो म्हटलं. आणि वर येऊन मुलीला जवळ घेऊन बसले, तर ती रडू लागली, इतकं मी तिला घट्ट धरलं होतं.

लोक म्हणतात, नवराही म्हणाला, की सरकारला जमीन घ्यायचीच होती, तू काय नि दुसरं कुणी काय, त्यांनी घेतलीच असती. असेल. पण हे ज्याचं त्याने स्वतःला सांगायचं असतं, आणि मी सांगून बघितलं आहे. ते मला पटत नाही. मला अण्णांचाही राग येतो. सगळ्या जगाशी हुज्जत घालणारा माणूस, बांगड्यासाठी हेडमास्तरांनाही न जुमानणारा, तो त्या संध्याकाळी माझ्या दारात अडून का बसला नाही? वाच म्हणजे वाच, असं का म्हणाला नाही? हा राग अगदी अन्यायाचा आहे, हे मला कळतं. तरी येतो.

त्यानंतर मोटर रोज सातला लागायची आणि नळाला पाणी आलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी खाली जाऊन म्हटलं, अण्णा, तुम्ही आपलं पहिल्यासारखं भरतीला लावत जा. "बेडा," ते म्हणाले, नको म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द." चार महिन्यांत मी नवऱ्याच्या मागे लागून मारतहळ्ळीच्या बाजूला घर बघायला लावलं. तिथे तेव्हा काही नव्हतं, धूळ आणि अर्धवट इमारती. नवऱ्याला कारखाना जवळ पडेल, असं मी सगळ्यांना सांगितलं. निघताना अण्णा फाटकापर्यंत आले, मुलीच्या हातात एक शिंपला दिला आणि मला म्हणाले, "पत्ता दे." मी दिला. खोटा देण्याइतकी हिंमत नव्हती.

पोस्टकार्डं येत राहिली. एका कार्डावर एकच ओळ, त्यांच्या पद्धतीप्रमाणे. 'सहा घरे विचारून झाली.' 'थोरल्या घराने भांडण मिटवले, आता अडचण आहे.' 'वही तयार होत आहे.' अक्षर मोठं मोठं होत गेलं होतं, शेवटी शेवटी एका कार्डावर तीनच शब्द मावायचे. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होते? अपिलाची मुदत कधीच टळून गेली होती. गावातली घरंही हलली, डोंगरापलीकडे. हे त्यांना ठाऊक असणारच, तरी कार्डं येत राहिली. मग एके महिन्यात आलं नाही. पुढच्याही महिन्यात आलं नाही, आणि मला बरं वाटलं. तेही सांगून टाकते.

एका रविवारी दुपारी तो पुतण्या आमच्या दारात आला. अण्णांचे दिवसवार करून परत चालला होता. हातात कापडात बांधलेली एक वही. मी चहा ठेवला, तो नको नको म्हणत बसला. गाव कसं आहे विचारलं, तर म्हणाला, "बरं आहे. मी आता एका लॉजवर आहे कामाला." मग वही माझ्यापुढे ठेवली.

"अण्णांनी तुम्हाला द्यायला सांगितली होती," तो म्हणाला. "म्हणाले, आता भाषा सोपी केली आहे म्हणावं. बाईंना अडचण येणार नाही."

त्याच्या तोंडाकडे बघायचं मला धैर्य झालं नाही. तो गेल्यावर मी वही उघडली. त्या वाकड्यातिकड्या, बोटभर उंचीच्या अक्षरांत सगळा इतिहास पहिल्यापासून पुन्हा लिहिला होता. सातही कुळे समुद्रकिनाऱ्यावर उतरली. रापण समुद्रकिनाऱ्यावर ओढावी. समुद्रकिनारा कोणाचे वाटणीत नाही. समुद्रकिनारा गावाचा. त्या गावात जन्मात कुणी त्या वाळूला समुद्रकिनारा म्हटलं नसेल. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी त्यांचा तो शब्द शोधला, एकदा तरी चुकून राहिला असेल म्हणून. कुठेच नव्हता. जिथे खरोखरच काळाबद्दल सांगायचं होतं, तिथेसुद्धा त्यांनी तो धोका पत्करला नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'त्या टाइमाला गावात सात घरे होती.'